करारावर कोंबड्या पाळण्याआधी हिशेब मांडा

करारावर ब्रॉयलर पाळायचा विचार बरेच जण करतात. यात पिल्लं, खाद्य, औषध, देखरेख आणि विक्री हे सगळं एकाच कंपनीच्या हातात असतं. त्यामुळे पिल्लंवाला, खाद्यवाला, व्यापारी यांचे मधले नफे वाचतात. बाजारभावाचा धोकाही बराचसा कंपनी उचलते. शेड, पाणी, वीज आणि मेहनत तुमची. पक्षी कंपनीचे. तुम्हाला किलोमागे पालनाची मजुरी मिळते.

ही मजुरी मात्र सर्वांना सारखी नसते. उत्पादनखर्च ठरल्यापेक्षा कमी आला तर जादा पैसे, वाढला तर कपात. आणि खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा!

समजा, १,००० पिल्लं आणली, ४० मेली. राहिलेले ९६० पक्षी सरासरी २ किलोचे भरले, म्हणजे वजन १,९२० किलो. खाद्य लागलं ३,०७२ किलो. भागाकार करा, १.६ येतो. म्हणजे एक किलो वजनाला १ किलो ६०० ग्रॅम खाद्य. याच लॉटमध्ये ५० किलोची तीन पोती सांडली, तर आकडा १.६८ वर जातो. सांडलेलं खाद्य कंपनीचं असलं तरी कापली जाते ती तुमची मजुरी.

म्हणून खाद्यभांडी काठोकाठ भरू नका, एक तृतीयांशच भरा. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना पुरेशी ऊब द्या. तुसाची गादी रोज हलवून कोरडी ठेवा. मेलेल्या पक्ष्यांची त्याच दिवशी वहीत नोंद करा आणि ते खोल पुरा.

आता सर्वांत महत्त्वाचं. शेडचं कर्ज तुमच्या नावावर असतं. शेड रिकामी राहिली तरी हप्ता थांबत नाही. तेव्हा सही करण्याआधी विचारून घ्या:

१. वर्षात कमीत कमी किती लॉट मिळतील?
२. रोगानं मोठी मर झाली तर नुकसान कोणाचं?
३. वजन तुमच्यासमोर होईल ना?
४. पैसे किती दिवसांत मिळतील?

उत्तरं करारात लिहून घ्या. कराराची मराठी प्रत मागा आणि जपून ठेवा. तोंडी शब्दावर शेड बांधू नका, मंडळी.