जुना ग्रासकटर घेताना



दसरा जवळ आला,
की माळावरचा पवना, मारवेल फुलोऱ्यात येतो.
वाळलेल्या वैरणीसाठी
हीच कापणीची वेळ.
बी झडेपर्यंत थांबलं, की कस जातो.
मागं उरतं ते नुसतं काड.

विळ्यानं कापायला माणसं मिळत नाहीत.
मग बरेच जण जुना ग्रासकटर घेतात.
जरूर घ्या.
पण आधी पातं बघा.

इंजिन बंद ठेवा.
प्लगची वायर काढा.
जाड हातमोजे घाला,
आणि पातं वर-खाली हलवा.
खडखड लागलं,
तर गिअरहेडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं.
पात्याला केसाएवढी चीर दिसली,
तरी ते टाकून द्या.
वेल्डिंग मुळीच करू नका.
भर वेगात तुकडा उडाला, तर पाय जायबंदी होतो.
म्हणून पुन्हा सांगते,
आधी पातं, मग इंजिन.

इंजिन थंड असतानाच चालू करून दाखवायला सांगा.
तापवून ठेवलेलं इंजिन दुखणं लपवतं.

कापताना पात्यावरचं गार्ड काढू नका.
डोळ्यांना चष्मा हवाच.
माळावर दगड फार.
50 फुटांच्या आत माणूस नको, जनावर नको,
आणि लेकरं तर नकोतच.

दंव उडाल्यावर कापा.
गवत पातळ पसरा, मधूनमधून उलथवा.
रंग हिरवट राहिला पाहिजे.
गंजी लावण्याआधी एक पेंढी पिळून पाहा.
हाताला ओल लागली,
तर आणखी एक ऊन द्या.
ओल्या गंजीला बुरशी धरते.