माजी विद्यार्थ्याचे ऋण

(सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव येथे माजी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलणाऱ्याकडून साधारणतः दोन गोष्टींची अपेक्षा असते. त्याने जुन्या आठवणी जागवाव्यात आणि जाता जाता देणगीचे आवाहन करावे. या दोन्ही गोष्टी गैर नाहीत. परंतु आठवणी आणि देणग्या यांवर कोणतीही शाळा जगत नाही. ती जगते तिच्यासाठी रोज खपणाऱ्या माणसांवर. म्हणून आज मी अशा एका माणसाचे स्मरण करणार आहे, ज्याने शिक्षणाचे ऋण देणगीने नव्हे, तर आयुष्याने फेडले. तो माणूस आपल्याच तालुक्यातील हिप्परग्याच्या शाळेत मुख्याध्यापक होता. त्याचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. मराठवाडा त्यांना स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखतो.

स्वामीजींचे नाव आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला घेतो, हार घालतो आणि घरी जातो. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्याचे सेनानी म्हणून त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण तो सेनानी घडला कोठे? सभेच्या व्यासपीठावर नव्हे, तर एका खेड्यातील शाळेच्या वर्गात. ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत, आणि हिप्परग्याच्या शेजाऱ्यांनी तरी ती विसरता कामा नये.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्या. निजामी राजवटीत माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या मातृभाषेत वरच्या वर्गांपर्यंत शिकता येण्याची सोय जवळजवळ नव्हती. सभा भरविण्यास परवानगी लागे आणि खासगी शाळांकडे संशयाने पाहिले जाई. अशा काळात, १९२१ साली, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा काढली. १९२० साली सुरू झालेल्या असहकाराच्या चळवळीने सरकारी शाळांवरील बहिष्काराची आणि राष्ट्रीय शिक्षणाची जी हाक दिली होती, तिला मराठवाड्याच्या एका कोपऱ्यातून दिलेले हे उत्तर होते.

खेडगीकर या शाळेत आले तेव्हा ते काही नोकरीच्या शोधात हिंडणारे बेकार तरुण नव्हते. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात, म्हणजे त्याच राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून १९२१ साली उभ्या राहिलेल्या संस्थेत, त्यांचे उच्च शिक्षण झाले होते. कामगार चळवळीचे अध्वर्यू ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले होते. मुंबई-दिल्लीच्या सार्वजनिक जीवनाचा दरवाजा त्यांना उघडा होता. तो सोडून ते हिप्परग्याला आले. राष्ट्रीय शाळांनी ज्याला घडविले, त्या माजी विद्यार्थ्याने दुसरी राष्ट्रीय शाळा चालविण्याचे व्रत घेतले, असेच याचे वर्णन करावे लागेल. हिप्परग्याच्या वास्तव्यातच त्यांनी संन्यास घेतला. पण हा संन्यास जगाकडे पाठ फिरविणारा नव्हता. भगवी वस्त्रे अंगावर आली, तरी हातातला खडू सुटला नाही.

येथे एका सहकाऱ्याचे नाव घेतलेच पाहिजे. ते म्हणजे बाबासाहेब परांजपे. हिप्परग्यात ते स्वामीजींच्या बरोबर शिक्षक होते. १९३५ साली स्वामीजी अंबाजोगाईला गेले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत त्यांनी स्वतःला गाडून घेतले, तेव्हाही परांजपे त्यांच्या सोबत होते. पुढे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बीडच्या मतदारांनी परांजप्यांना लोकसभेवर पाठविले. पण त्यांची मूळ ओळख मास्तर हीच राहिली. अशा माणसांच्या वाट्याला पुतळे येत नाहीत. संस्था मात्र त्यांच्याच खांद्यावर उभ्या असतात.

मित्रहो, हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना निरोप दिला, तो संबंध तोडण्यासाठी नव्हे. शाळा सुटली, नाते सुटले नाही. १९३८ साली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजी मुख्याध्यापकाची खुर्ची सोडून तुरुंगात गेले. त्यानंतर दहा वर्षे हा लढा चालला. त्यात गावोगावचे जे तरुण पुढे आले, त्यांच्यात या शाळांतून शिकून गेलेल्यांचा भरणा होता. त्यांच्याजवळ संघाची घटना नव्हती, वर्गणीचे पावतीपुस्तक नव्हते. तरीही खरा माजी विद्यार्थी संघ कसा असतो हे पाहायचे असेल, तर तो असा असतो. शाळेने जे शिकविले ते समाजात उतरविण्यासाठी एकत्र आलेली माणसे!

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. स्वामीजींना सत्तेची पदे दूर नव्हती. ते लोकसभेवरही निवडून गेले. परंतु त्यांचे मन पुन्हा शाळा-महाविद्यालयांकडेच वळले. त्यांच्या प्रेरणेने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव १९९४ साली लाभले.

त्याच्या आदल्याच वर्षी या भूमीने एक भयंकर रात्र पाहिली. ती मी तुम्हांला काय सांगावी? २९ सप्टेंबर १९९३ रोजी गणपतींचे विसर्जन झाले. ३० च्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद निजलेल्या माणसांवर कोसळले. अधिकृत आकडा घेतला, तरी सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूरची गणना सर्वाधिक उद्ध्वस्त झालेल्या गावांत झाली. घरे गेली, शाळाही गेल्या. वर्गातल्या हजेरीपटावरची नावे गेली.

त्या वेळी देशभरातून मदत आली. सरकारने गावे नव्या जागी वसविली. परंतु पोरक्या मुलांचे काय, या प्रश्नाला पत्रे आणि सिमेंट हे उत्तर नव्हते. भारतीय जैन संघटनेने शेकडो मुलांना पुण्याला नेऊन शिकविले. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे केले आणि मुलांना त्यांच्याच मातीत वाढविण्याचा मार्ग पत्करला. हिप्परग्याच्या शिक्षकांनी जी वाट घालून दिली होती, तीच ही वाट. मूल शिकले पाहिजे; त्यासाठी कोणीतरी आपले घर, आपली सोय, आपली बढती बाजूला ठेवली पाहिजे.

आज भूकंप नाही. पण शाळा खचत आहेत. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार पुढे आला. कारण खर्चाचे सांगितले जाते. परंतु शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे मानले आहे. वस्तीवरची शाळा मिटली, तर पहिला फटका कोणाला? ज्या घरात मोटारसायकल नाही, त्या घरातल्या मुलीला. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराच्या मुलाला. शहरात स्थिरावलेल्या आपल्या मुलांना नव्हे. पट का घटला, हा प्रश्न न विचारता पट घटला म्हणून शाळा बंद करणे म्हणजे रोग्याला ताप आहे म्हणून त्याला घराबाहेर काढण्यासारखे आहे.

म्हणून या संघाकडे माझे मागणे अगदी साधे आहे. एक, आपापल्या गावातल्या शाळाबाह्य मुलांची यादी करा आणि दर महिन्याला ती पुन्हा तपासा. दोन, शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्या पालकांच्या पाठीशी उभे राहा, त्यांना कागद वाचून दाखवा, अर्ज लिहून द्या. तीन, आठवड्यातला एक तास वर्गात द्या. पैसे देणाऱ्याचे नाव फलकावर लागते. तास देणाऱ्याचे लागत नाही, आणि ते लागावे अशी अपेक्षाही त्याने ठेवू नये.

या कामाला मोठा त्याग लागत नाही, चिकाटी लागते. पहिल्या वर्षी वीस जण येतील, दुसऱ्या वर्षी पाच उरतील. त्या पाचांवरच संस्था चालते, हे कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. स्वामी रामानंद तीर्थांसारखी उंची आपल्यापैकी कोणाला गाठता येईल असे नाही. पण हिप्परग्याच्या त्या मुख्याध्यापकाइतका नियमितपणा दाखविणे आपल्या आवाक्यातले आहे. ते आपण केले, तर त्यांची आठवण काढण्याचा अधिकार आपल्याला पोहोचेल.