गर्दची पुडी, दुखण्याची गोळी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त २६ जून रोजी सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात आतापर्यंत गाणी झाली, रांगोळ्या झाल्या, पाककृती स्पर्धेत शेंगाचटणीचे एकोणीस वाडगे झाले. (एकोणीसही सारखेच लागले, हे परीक्षक या नात्याने नमूद करतो.) सचिवांनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. मी म्हटलं, त्यावर बँकेतला कुणीही बोलेल. आज २६ जून, अमली पदार्थविरोधी दिन आहे, तर मला अफूच्या जातीच्या व्यसनावर आणि त्याच्या उपचारांवर बोलू द्या. सचिव जरा गप्प झाले, मग म्हणाले, चालतंय की, पण वीस मिनिटांत आवरा.

समोर काही चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतंय, ‘आमच्याकडे असलं काही नाही.’ हेच वाक्य १९८७ साली मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलं होतं. त्याकडे येतोच.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो, बँकेत छत्तीस वर्षं काढली. पण या विषयातलं जे शिकलो ते घरात आणि काउंटरवर शिकलो, आणि राहिलेलं डॉक्टरांना विचारून घेतलं.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. दिवाळीत अनारशाला आपण खसखस लावतो. ती ज्या बोंडातून निघते त्याच कच्च्या बोंडाला चीर पाडली की चीक येतो. तो वाळला की अफू. खसखस खाऊन नशा होत नाही, घाबरू नका. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर या पिकाची शेती होते, कारण त्या चिकातून मॉर्फिन आणि कोडीन मिळतं. एक मोठं दुखणं थांबवणारं, दुसरं खोकला दाबणारं. मॉर्फिनवर आणखी प्रक्रिया केली की हेरॉइन होतं. १८९८ च्या सुमारास जर्मनीतली बायर कंपनी हे हेरॉइन खोकल्याचं औषध म्हणून विकत होती! त्याचाच अशुद्ध, भेसळ केलेला भाऊ म्हणजे ब्राउन शुगर, आपल्याकडचा ‘गर्द’. आणि पूर्णपणे कारखान्यात बनणारी ट्रॅमाडॉलसारखी गोळीही याच कुळातली.

हे काही बाहेरून आलेलं नवं संकट आहे असंही समजू नका. गिरण्यांच्या काळात मूल झोपून राहावं म्हणून कामावर जाणारी आई त्याला अफूची बाळागोळी देत असे. आपलं सोलापूर गिरण्यांचं गाव. सत्तरी ओलांडलेल्या मंडळींनी हा शब्द आपल्या आजीकडून ऐकला असेल. ती आई वाईट नव्हती. दहा तासांची पाळी आणि घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती गोळी देत होती. व्यसनाच्या मागे बहुतेक वेळा असं काहीतरी असतंच. आपण ते विचारत नाही एवढंच.

आता हे शरीरात काय करतं ते थोडक्यात. वेदना कमी करणारं एक रसायन आपला मेंदू स्वतःच तयार करतो. अफूच्या जातीचा पदार्थ त्याच जागी जाऊन बसतो, पण कितीतरी जोरात. काही आठवड्यांत शरीर त्याला सरावतं. कालच्या मात्रेने आज भागत नाही, मात्रा वाढते. आणि मिळालं नाही की नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा येतो, पोटऱ्यांत गोळे, जुलाब, उलट्या, रात्र रात्र झोप नाही. गर्द ओढणारी मुलं याला ‘टर्की’ म्हणतात. या टप्प्यावर मुलगा मजेसाठी घेत नसतो. टर्की टाळण्यासाठी घेत असतो. ‘मनावर घेतलं तर सुटेल’ असं आपण त्याला सांगतो तेव्हा टायफॉइडच्या माणसाला ‘ताप उतरव’ म्हणून सांगत असतो.

माझा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला होता. हुशार, कबड्डी खेळणारा. दुसऱ्या वर्षाला नापास झाला, सायकल ‘चोरीला’ गेली, मग घड्याळ. भाऊ म्हणाला, ‘आमच्या घरात असलं काही नाही, पोरगं अभ्यासाने खंगलंय.’ भाऊ शाळामास्तर होता, सरळ माणूस. खोटं बोलत नव्हता. ते त्याला दिसतच नव्हतं. पुढे दिसलं तेव्हा त्याने ते सहा महिने लपवलं, कारण धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं.

लपवलेलं घरात कळत नाही, पण बँकेत कळतं. पासबुक बोलतं. एखाद्या चांगल्या खात्यातून रोज दोनशे, तीनशे असे छोटे पैसे निघायला लागतात. महिला खातेदार मुदतीआधी ठेव मोडायला येते आणि कारण विचारलं की मान खाली घालून ‘घरात काम काढलंय’ म्हणते. सोनेतारणाला आधी हार येतो, मग पाटल्या, शेवटी मंगळसूत्राची वाटी. अशी चार-पाच खाती मला चेहऱ्यानिशी आठवतात. त्यांतल्या एका मावशींना मी नियमात बसत नसतानाही केबिनमध्ये बसवून चहा दिला होता. त्या अर्धा तास रडल्या आणि मग विचारलं, ‘साहेब, दवाखाना असतो का हो याचा?’

असतो. आणि मराठी माणसाला अभिमान वाटावा असा आहे. ऐंशीच्या दशकात गर्दने मुंबई-पुण्यात धुमाकूळ घातला, तेव्हा अनिल अवचट त्या मुलांमध्ये जाऊन बसले आणि त्यावर त्यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदत देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ ला त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. डॉ. अनिता १९९७ मध्ये कॅन्सरने गेल्या, अवचट २०२२ मध्ये. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर काम पाहते.

पुतण्याला आम्ही तिथे नेलं. मला आठवतंय ते हे की त्याला कुणी गुन्हेगार म्हटलं नाही. टर्कीचे दिवस औषधांनी सुसह्य केले. नंतरचे पाच आठवडे त्याची दिनचर्या होती: पहाटे उठणं, व्यायाम, स्वच्छता, गटात बसून बोलणं. बोलणारे, समजावणारे बरेच जण स्वतः त्यातून बाहेर आलेले. भावाला आणि वहिनीलाही समुपदेशनाला बसवलं. भाऊ चिडला होता, ‘व्यसन त्याला आहे, मला कशाला?’ वहिनी मात्र बसली. लग्न झालेल्यांच्या बायकांसाठीही तिथे ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे, कारण त्या घरात सगळ्यात आधी आजारी तीच पडलेली असते.

पुतण्या बाहेर आला आणि चार महिन्यांत पुन्हा घसरला. मग दोन वर्षं चांगली गेली, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा सावरला तो आजपर्यंत. आज त्याचं वय साठीच्या जवळ आहे, छोटं वर्कशॉप आहे, आणि अजूनही तो दर आठवड्याला नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या सभेला जातो. मधुमेहाच्या माणसाची साखर एकदा वाढली म्हणून त्याचे उपचार आपण बंद करत नाही. इथे मात्र पहिल्या घसरणीला नातेवाईक हात झटकतात.

एक गोष्ट कान देऊन ऐका, कारण यात जीव जातो. उपचारानंतर किंवा तुरुंगातून सुटल्यानंतर शरीराची सवय गेलेली असते. अशा वेळी माणूस जुन्या मात्रेने घेतो आणि श्वास थांबतो. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, श्वास अगदी मंद, ओठ निळसर, हलवून उठत नाही, असं दिसलं तर १०८ ला फोन करा, माणसाला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, आणि काय घेतलं ते डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर माणूस परत येतो.

दुसरा मार्ग औषधाचा आहे आणि त्याबद्दल फार गैरसमज आहेत. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी जिभेखाली ठेवतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. काही ठिकाणी मेथाडोन हे प्यायचं औषध देतात. लोक म्हणतात, ‘एक नशा सोडवून दुसरी लावली.’ मी याकडे बँकवाल्याच्या नजरेने पाहतो. आपल्याकडे यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार बायका सावकाराच्या विळख्यात असायच्या. त्यांना आम्ही बँकेचं कर्ज देऊन सावकार फेडायला लावायचो. कर्ज राहायचंच. पण हप्ता ठरलेला, व्याज माहीत, रात्री दारात कुणी येऊन उभं राहत नाही. माणूस कामावर जाऊ लागतो. हप्ते किती वर्षं चालतील ते डॉक्टर आणि रुग्ण ठरवतील, शेजाऱ्यांनी ठरवायचं नाही.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणारा, साखळीने बांधणारा, मारहाण करणारा, नातेवाइकांना भेटू न देणारा, असा कुणी असेल तर तिथे एक दिवसही ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्याला बंदी आहे. नोंदणी विचारा, डॉक्टर रोज येतात का ते विचारा. पोलिसांची भीतीही अनेकांना असते. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे आणि कडक आहे, पण त्यातच कलम ६४-अ आहे: केवळ सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जातं. वकिलाला जरूर विचारा.

आता या नाण्याची दुसरी बाजू. माझी पत्नी कॅन्सरने गेली हे तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या चार महिन्यांत डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मेहुणी म्हणाली, ‘दाजी, व्यसन लागेल तिला.’ डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की वेदनेसाठी ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत घेतलेलं औषध वेगळं आणि व्यसन वेगळं. त्या गोळ्यांमुळे ती उठून बसायची, मेथी निवडायची, माझ्यावर रागवायची. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली ती अशी औषधं दुखणेकऱ्यांना मिळावीत म्हणूनच. तेव्हा भीतीपोटी आपल्या माणसाला कळवळत ठेवू नका. ती गेल्यावर एकवीस गोळ्या उरल्या होत्या. मी त्या मोजून रुग्णालयात परत केल्या आणि पावती घेतली. सवय, दुसरं काय.

पण आपल्या सोसायटीत गोळ्यांची उसनवारी साखरेसारखी चालते. ‘गुडघा दुखतोय? माझ्याकडची घ्या, मस्त आहे.’ ती ‘मस्त’ गोळी कधी कधी ट्रॅमाडॉल असते. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये, आणि उरलेल्या पट्ट्या कपाटात उघड्या ठेवू नयेत. नातवंडांना आपलं कपाट आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

२०१९ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या पाहणीनुसार देशात अफूच्या जातीचे पदार्थ घेणारे सुमारे सव्वादोन कोटी लोक आहेत. ते सगळे कुठल्या ना कुठल्या गल्लीत, कुठल्या ना कुठल्या सोसायटीत राहतात.

आपल्याच गच्चीवर टाकीमागे गेल्या महिन्यात खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. सभेत दोन ठराव आले. गच्चीला कुलूप लावण्याचा मंजूर झाला, त्याला माझी हरकत नाही. दुसरा, ‘संबंधित फ्लॅटधारकास’ जागा सोडण्याची नोटीस देण्याचा, पुढच्या सभेत आहे. संबंधित कोण ते कुणालाच ठाऊक नाही, तरी तीन मुलांची नावं जिन्यात फिरतायत. तिन्ही भाडेकरूंची, हा योगायोग नसावा. नोटीस निघाली तर ज्या घरात हे खरोखर चाललंय ते घर दाराला आणखी एक कडी लावेल. माझ्या भावाने लावली होती तशीच, सहा महिने.

म्हणून तो ठराव मागे घ्यावा अशी माझी विनंती आहे. त्याऐवजी जिन्याजवळच्या फलकावर तीन ओळी लावाव्यात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्याची ‘टेलि-मानस’ १४४१६. एका आकड्याचा फरक आहे, चुकून दुसरीकडे लागला तरी काही बिघडत नाही. आणि तिसरी ओळ, आपल्या सिव्हिलचा मानसोपचार विभाग, सकाळी जाऊन केसपेपर काढायचा. कुणाला सोबत हवी असेल तर मी येतो. मला सकाळी दुसरं काम नसतं, आणि नाव कुणाला सांगणार नाही. छत्तीस वर्षं खात्यांची गुप्तता पाळली आहे.

सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्या. अनुमोदक हवा आहे.