सिंहासन कशाने स्थिर झाले? — सम्राट अशोकाच्या राज्यकारभाराचा विचार

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सम्राट अशोकावर मी बोलावे, असे संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला सांगितले. विषय वरवर फार सोपा आहे. कलिंगचे युद्ध झाले, रक्तपात पाहून राजाचे मन द्रवले, त्याने शस्त्र खाली ठेवले आणि तो बौद्ध झाला. शाळेत आपण सर्वांनी हे उत्तर लिहिले आहे आणि त्याला गुणही मिळवले आहेत. उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्ध्यावर थांबते. कारण अशोक युद्धानंतर राज्य सोडून वनात गेला नाही. पुढे पंचवीसहून अधिक वर्षे तो पाटलिपुत्राच्या गादीवर होता. ही वर्षे त्याने कशी काढली? एवढे अफाट राज्य त्याने कशाच्या बळावर सांभाळले? आज मला या प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

प्रथम गादीची हकीकत पाहू. इ.स.पू. 273 च्या सुमारास बिंदुसार राजाचे निधन झाले. अशोकाचा राज्याभिषेक इ.स.पू. 268 च्या सुमारास झाला. सिंहली परंपरेचा महावंस हा ग्रंथ सांगतो की, सत्ता हाती आल्यानंतर अभिषेक होण्यास चार वर्षे लागली. नवा राजा गादीवर बसतो आणि अभिषेकाला चार वर्षे थांबतो, याचा अर्थ वारसा निर्विवाद नव्हता. अशोकावदानात सांगितले आहे की, बिंदुसाराच्या मनात थोरला मुलगा सुसीम याला राज्य द्यावयाचे होते. पण मंत्री त्याच्यावर नाराज होते आणि राधागुप्त या अमात्याच्या मदतीने अशोकाने गादी मिळवली. महावंस तर याहून पुढे जातो. एक सख्खा भाऊ सोडून बाकीच्या नव्व्याण्णव भावांना अशोकाने ठार मारले, असे तो म्हणतो.

मित्रांनो, इथे जरा थांबू या. हे ग्रंथ अशोकानंतर काही शतकांनी लिहिले गेले. अशोकाचा स्वतःचा शब्द मात्र दगडावर कोरलेला आहे. त्याच्या पाचव्या शिलालेखात तो सांगतो की, आपले धम्ममहामात्र पाटलिपुत्रात व बाहेरच्या नगरांत, आपल्या भावांच्या, बहिणींच्या आणि इतर नातलगांच्या घरांतही काम पाहतात. धम्ममहामात्र नेमले गेले ते अभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर. म्हणजे तेव्हाही राजाच्या भावांचे संसार होते व राजा त्यांची काळजी वाहत होता. तेव्हा नव्व्याण्णव भावांच्या कत्तलीची कथा अक्षरशः खरी मानता येत नाही. भाऊबंदकी झाली असेल, रक्तही सांडले असेल. पण कथाकारांना आधीचा अशोक जितका काळा रंगवता येईल, तितका पुढचा धम्माशोक उजळ दिसणार होता, हे आपण ध्यानात ठेवावे. आपल्या माणसाविषयीची गोष्ट आहे म्हणून ती तपासल्यावाचून स्वीकारू नये, हेही तथागतांनीच शिकवले आहे.

आता एक दुसरी गोष्ट सांगतो. तीही अवदानातलीच आहे. पण माझ्या मते पुढच्या साऱ्या कारभाराची किल्ली तिच्यात आहे. बिंदुसाराच्या काळात तक्षशिलेत बंड झाले. ते मोडण्यासाठी राजपुत्र अशोकाला पाठवण्यात आले. तो नगराजवळ पोचला तेव्हा लोक रस्ते सजवून त्याला सामोरे आले आणि म्हणाले की, आमचे भांडण राजपुत्राशी नाही, बिंदुसार राजाशीही नाही. दुष्ट अमात्य आम्हाला छळतात, त्यांच्याविरुद्ध आमची तक्रार आहे. ही कथा जशीच्या तशी घडली की नाही, हे सोडून देऊ. तिच्यातले दुखणे मात्र अगदी खरे आहे. राजा दूर असतो. माणसाची गाठ पडते ती त्याच्या अधिकाऱ्याशी. गादी हलते ती तिथे.

अभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंगचे युद्ध झाले. तेराव्या शिलालेखात राजा स्वतःच आकडे देतो: दीड लाख माणसे कैद करून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे पुढे मेली. आपण केलेल्या संहाराची मोजदाद विजेत्या राजाने स्वतःच करावी आणि तिच्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करावा, असे जगाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे.

पण विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा तेरावा लेख कलिंगात कोरलेला नाही. ओडिशात भुवनेश्वरजवळ धौली येथे आणि गंजाम जिल्ह्यात जौगड येथे अशोकाचे शिलालेख आहेत. तिथे अकरा, बारा व तेरा हे लेख वगळून त्यांच्या जागी दोन वेगळे लेख कोरले आहेत. जखमी प्रजेला जखमेची आठवण नको, असे राजाला वाटले असेल. मला वाटते, त्याला आणखीही एक गोष्ट उमगली असावी. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांना राजाच्या दुःखाचा काय उपयोग? त्यांना उद्याचा दिवस निर्भयपणे काढायचा होता.

धौलीचा पहिला वेगळा लेख तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे तिथल्या नगराचा न्यायनिवाडा पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. सारी माणसे माझी लेकरे आहेत, असे त्यात राजा म्हणतो; आपल्या मुलांचे इहलोकी व परलोकी जसे हित व्हावे असे वाटते, तसेच सर्वांचे व्हावे, असे सांगतो. एवढ्यावर तो थांबला असता तर तो एक गोड उपदेश झाला असता. पण पुढे तो अधिकाऱ्यांना स्पष्ट बजावतो की, माझे म्हणणे तुम्हाला पुरते कळलेले नाही. एखाद्या माणसाला कारण नसता बंधनात टाकले जाते, छळले जाते, आणि त्याच्याबरोबर आणखी पुष्कळजण दुःख भोगतात. असे का होते? त्याची कारणेही तो मोजतो: मत्सर, चटकन येणारा राग, कठोरपणा, घाई, चिकाटीचा अभाव, आळस आणि थकवा. बावीसशे वर्षांपूर्वीची ही यादी आहे. आजच्या कोणत्याही कचेरीत जाऊन बघा, यातले एक तरी कारण टेबलामागे बसलेले दिसेल.

राजाने यावर उपायही केला. दर पाच वर्षांनी, कठोर नसलेला व संतापी नसलेला अधिकारी पाहणीसाठी पाठवण्याचे ठरवले. उज्जयिनीच्या राजपुत्राने तीन वर्षांच्या आत असाच अधिकारी पाठवावा, आणि तक्षशिलेहूनही तसेच व्हावे, अशी आज्ञा केली. बंधूंनो, तक्षशिलेचे नाव ऐकलेत? ज्या नगरीत लोकांनी अमात्यांविरुद्ध गाऱ्हाणे घातल्याची कथा सांगतात, तिचेच नाव या आज्ञेत आहे. शिवाय हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, आणि ऐकणारा एकच माणूस असला तरी वाचावा, असेही सांगितले. अधिकाऱ्याने काय करू नये, हे प्रजेने स्वतःच्या कानांनी ऐकावे, अशी ही व्यवस्था होती. म्हणून लेख लोकांना कळणाऱ्या प्राकृतात आहेत. कंदाहारकडे तर ग्रीक आणि अरेमाइक भाषांतही आहेत.

स्वतःलाही त्याने या नियमातून सोडले नाही. सहाव्या शिलालेखात तो म्हणतो की, मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, शय्यागृहात किंवा उद्यानात असेन, लोकांचे काम घेऊन प्रतिवेदकाने केव्हाही यावे. आपण खटपट करतो ती प्राणिमात्राचे ऋण फेडण्यासाठी, असे तो सांगतो. राज्य ही मिळकत न मानता कर्ज मानणारा हा राजा आहे. माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचार, औषधी वनस्पतींची लागवड, वाटेवर विहिरी आणि सावलीची झाडे, ही त्या कर्जाची फेड होती. लुंबिनीला तो गेला तेव्हा त्या गावचा बळी नावाचा कर माफ झाला आणि धान्याचा राजभाग आठवा हिस्सा ठरला. तथागतांच्या जन्मभूमीचा सन्मान त्याने तिथल्या शेतकऱ्याचे ओझे कमी करून केला.

बारावा शिलालेख तर प्रत्येक सार्वजनिक संस्थेने वाचावा. आपल्या पंथाची वाखाणणी व दुसऱ्याच्या पंथाची निंदा करताना जिभेवर ताबा ठेवावा, असे तो सांगतो. जो प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाला हिणवतो, तो स्वतःच्याच पंथाची हानी करतो. राजा बौद्ध उपासक होता, तरी गुहांचे दान त्याने आजीविकांना दिले.

आता त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अशोक आपला म्हणून त्या झाकून ठेवणे बरे नव्हे. कलिंग त्याने परत केले नाही. अटवीतल्या लोकांना त्याने समजावले, पण पश्चात्ताप झाला तरी माझे सामर्थ्य कायम आहे, असा इशाराही दिला. दासांशी व नोकरांशी नीट वागावे असे सांगितले, पण दास्य मोडले नाही. मृत्युदंड कायम राहिला. मात्र अभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या चौथ्या स्तंभलेखात त्याने दंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली, की नातलगांना दाद मागता यावी. त्याच लेखात रज्जुकांनी निवाडा आणि शिक्षा सर्वांना सारखी ठेवावी, असेही आहे. तीन दिवस फार नव्हेत, हे खरे. पण ज्याच्या घरचा माणूस कोठडीत आहे, त्याला विचारा तीन दिवसांची किंमत.

मौर्यांचे राज्य अशोकानंतर साधारण अर्ध्या शतकात संपले. शेवटच्या बृहद्रथाला त्याच्याच सेनापतीने, पुष्यमित्राने मारले. मग सिंहासन स्थिर झाले, असे कसे म्हणावे? लाकडाचे व सोन्याचे सिंहासन कोणाचेच टिकत नाही. या राजाची लिपीसुद्धा लोक विसरले होते. 1837 साली जेम्स प्रिन्सेपने ती वाचली. 1882 मध्ये आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखाचा विषय असा की, पूर्वीचे राजे शिकारीला जात, हा राजा संबोधीला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत तो गावोगावच्या लोकांना भेटू लागला. 1915 मध्ये मस्कीच्या लेखात अशोक हे नाव सापडले. 22 जुलै 1947 रोजी त्याचे चक्र राष्ट्रध्वजावर आले. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला धम्म दिला.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातला कोणी उद्या तलाठी होईल, कोणी फौजदार, कोणी तहसीलदार किंवा न्यायाधीश. आपल्या आजोबा-पणजोबांनी कचेरीच्या पायरीबाहेर उभे राहून दिवस काढले. आता तुम्ही आतल्या खुर्चीवर बसणार आहात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण समोर एखादी म्हातारी कागद घेऊन उभी असेल, घड्याळात जेवणाची वेळ झाली असेल आणि तुम्हाला थकवा आला असेल, तेव्हा धौलीच्या खडकावरची ती यादी आठवा: मत्सर, राग, कठोरपणा, घाई, आळस, थकवा. राजाने ती प्रजेसाठी लिहिली नव्हती, खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी लिहिली होती. त्या म्हातारीचे काम त्याच दिवशी झाले, तर अशोकाचे राज्य तेवढ्या जागेत अजून चालू आहे, असे मी समजेन.



नमो बुद्धाय. जय भीम.