पत्रातली फातिमा
(राजूर, ता. वणी येथे विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



जानेवारी २०२५ मध्ये पत्रकार दिलीप मंडल यांनी दावा केला, फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं. आपल्यापैकी अनेकांनी रागानं मेसेज फिरवले. मी वर्गात म्हटलं, राग बाजूला ठेवा, कागद काढा.

कागद म्हणजे सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र. त्या आजारपणामुळे माहेरी होत्या, जोतीराव पुण्यात. आपल्यामागे फातिमावर भार पडला असेल, तरी ती तक्रार करणारी नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मया’त ते १९८८ मध्येच छापलं गेलं.

मुलांना मी चार प्रश्न दिले. कोणी लिहिलं? कोणाला? केव्हा? कशासाठी? हे बायकोनं नवऱ्याला लिहिलेलं घरगुती पत्र आहे. कुणाला थोर ठरवायला ते लिहिलेलं नाही. नाव ओघात आलंय, म्हणूनच त्याला वजन आहे.

पाचवा प्रश्न अवघड. हा कागद काय सांगत नाही? त्यात आडनाव नाही. जन्मतारीख नाही. ‘पहिली मुस्लिम शिक्षिका’ हे शब्दही नाहीत. ९ जानेवारीला आपण स्टेटस ठेवतो, त्या तारखेचा पुरावाही तितक्याच कडकपणे मागा. शिवाय आपल्या हाती छापील प्रत आहे. मूळ हस्ताक्षर कोणी पाहिलं, हेही विचारा.

एका मुलीनं विचारलं, “सर, यानं आपलीच बाजू लंगडी नाही का होत?” नाही, बेटा. एक कच्ची तारीख रेटली की समोरच्याला अख्खी फातिमाच खोटी म्हणायला वाव मिळतो. जेवढा पुरावा, तेवढंच बोला. मग कोणी खोडू शकत नाही. हदीसच्या अभ्यासातही आधी रावी कोण, हेच पाहतात ना?

आता तुमचं काम. चुनाभट्ट्यांवर आणि कोळसा खाणीत राबलेल्यांचं हे गाव. घरात आजोबांचा शाळेचा दाखला असेल, पगारचिठ्ठी असेल, आजीचा निकाहनामा असेल. दाखल्यावर १ जुलै दिसला तर थांबा. पूर्वी कित्येकांची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं टाकलेली असे. दाखला खरा, शिक्का खरा, तारीख मात्र अंदाजाची!

उद्या कोणी तुमच्या घराण्याबद्दल काहीही सांगेल. त्याला उत्तर द्यायचं तर आपले कागद आपल्याला वाचता आले पाहिजेत. पुढच्या रविवारी प्रत्येकानं एक कागद आणा, पाचही प्रश्नांची उत्तरं लिहून. मूळ कागद घरीच जपून ठेवा, झेरॉक्स आणा.