ऑर्पिंग्टन : एका बालेकिल्ल्याचा हिशेब



निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन स्पष्टीकरणं तयारच असतात. जिंकणारा सांगतो, हा आमचा बालेकिल्लाच होता. हरणारा सांगतो, मतविभागणी झाली म्हणून आम्ही पडलो. ही दोन्ही स्पष्टीकरणं कितपत खरी आहेत हे तपासायला मी आज लंडनच्या एका उपनगराची गोष्ट घेऊन आलो आहे. ब्रिटिश मतदारसंघ म्हटलं की आपल्याला आठवतं ते दादाभाई नौरोजींचं फिन्सबरी सेंट्रल. १८९२ साली लिबरल पक्षातर्फे दादाभाई तिथून पार्लमेंटवर गेले. आजची गोष्टही लिबरल पक्षाचीच आहे, पण सत्तर वर्षांनंतरची. मतदारसंघाचं नाव ऑर्पिंग्टन.

लंडनच्या मध्यापासून आग्नेयेला सुमारे १३ मैलांवर, केंट परगण्याच्या कडेला हे गाव. कोंबड्या पाळणाऱ्यांना ते पूर्वीपासून माहीत होतं, कारण 'ऑर्पिंग्टन' ही कोंबडीची जगप्रसिद्ध जात विल्यम कुक नावाच्या माणसाने १८८६ मध्ये इथेच तयार केली. शेजारच्या डाउन गावात चार्ल्स डार्विन चाळीस वर्षं राहिला. १९२५-२६ च्या सुमारास लंडनहून येणाऱ्या आगगाड्या विजेवर धावू लागल्या आणि या शेतमळ्यांचं नशीब पालटलं. १९२८ मध्ये पेट्स वूडला स्टेशन झालं आणि त्याभोवती नीटनेटकी, पुढे-मागे बाग असलेली घरं उभी राहिली. सकाळच्या गाडीने लंडनला जाणारा आणि संध्याकाळी परतणारा चाकरमानी इथे स्थायिक झाला. बँकेतला कारकून, विमा कंपनीतला अधिकारी, शिक्षक, सरकारी नोकर असा हा वर्ग. घर स्वतःचं, पण कर्जावर घेतलेलं. खाली क्रे नदीच्या काठी, सेंट मेरी क्रे भागात, कामगारवस्ती होती आणि मजूर पक्षाची मतंही बरीचशी तिथेच होती.

१९४५ मध्ये ऑर्पिंग्टन हा स्वतंत्र मतदारसंघ झाला आणि पहिल्या दिवसापासून तो हुजूर पक्षाचा. त्या वर्षी देशभर मजूर पक्षाची लाट होती, ॲटली पंतप्रधान झाले, पण ऑर्पिंग्टनने सर वॉल्ड्रन स्मिदर्स या कट्टर साम्यवादविरोधी गृहस्थांना निवडून दिलं. १९५४ च्या अखेरीस ते वारले. १९५५ च्या पोटनिवडणुकीत डोनाल्ड समनर आले आणि पुढच्या दोन सार्वत्रिक निवडणुकाही त्यांनी सहज जिंकल्या.

आता १९५९ चे आकडे ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे. हुजूर पक्ष २४,३०३. मजूर पक्ष ९,५४३. लिबरल पक्ष ९,०९२. मताधिक्य १४,७६०. हुजूर पक्षाला मिळालेली मतं ५६.६ टक्के. दोन्ही विरोधकांची मतं एकत्र केली तरी १८,६३५ होतात, म्हणजे विरोधकांनी युती केली असती तरी समनर साडेपाच हजारांहून अधिक मतांनी निवडून आले असते. मतविभागणीमुळे टिकलेली ही जागा नव्हती.

१९६१ च्या ऑक्टोबरमध्ये समनर काउंटी न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक लगेच लागली नाही, ती लांबत लांबत १४ मार्च १९६२ वर गेली. जागा हक्काची असल्यामुळे सरकारला घाई नव्हती. या दिरंगाईने लिबरल पक्षाला मात्र आयते चार-पाच महिने मिळाले.

ते महिने कसे होते? १९६१ च्या जुलैत अर्थमंत्री सेल्विन लॉइड यांनी बँक दर ५ वरून ७ टक्क्यांवर नेला आणि सरकारी नोकरांच्या पगारवाढीला खीळ घातली. झळ बसली ती परिचारिका, शिक्षक, कारकून यांना. कारखान्यातल्या कामगाराच्या पाठीशी संप करू शकणारी संघटना होती, या पांढरपेशा माणसाच्या पाठीशी तसं बळ नव्हतं. कर्जाचा हप्ता, वाढती घरपट्टी, रेल्वेचा पास आणि गोठलेला पगार. त्यात आणखी एक जाच होता. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्यालाही, त्या घराला भाडं आलं असतं तर किती आलं असतं असा काल्पनिक हिशेब करून त्यावर प्राप्तिकर भरावा लागे. हा वर्ग हुजूर पक्षाचा हक्काचा मतदार, पण त्याची समजूत झाली होती की आपल्याला गृहीत धरलं जातंय.

आणि पक्षाने उमेदवार दिला तो पीटर गोल्डमन. माणूस अत्यंत हुशार. पक्षाच्या राजकीय शिक्षण केंद्राचा प्रमुख, १९५९ च्या जाहीरनाम्याच्या लेखनात ज्याचा हात होता असा. पण मतदारसंघात राहणारा नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर उपरा उमेदवार, वरून लादलेला. पार्लमेंटमध्ये हुशार माणूस पाठवायचा म्हणून सुरक्षित जागा शोधली आणि तिथे नेऊन बसवला, असा हा प्रकार.

लिबरल पक्षाचीही सुरुवात अडखळतच झाली. आधी ठरलेल्या उमेदवाराला वैयक्तिक अडचणीमुळे माघार घ्यावी लागली आणि ऐनवेळी एरिक लबक पुढे आले. वय तेहतीस, पेशाने इंजिनिअर, राहणार त्याच भागातले, नगरपरिषदेत नगरसेवक. त्यांचे आजोबा सर जॉन लबक हे बँकर, डार्विनचे शेजारी आणि स्नेही. ब्रिटनमधल्या बँक हॉलिडेचा १८७१ चा कायदा त्यांनीच आणला. खानदानी घराणं होतं हे खरं, पण मतदाराला भावलं ते त्याच्या पलीकडचं. हा माणूस स्टेशनच्या रस्त्यावर भेटतो, त्याला आपली गल्ली ठाऊक आहे.

खरी मेख मात्र अशी की लिबरल पक्ष ऑर्पिंग्टनमध्ये १९६२ साली उगवला नव्हता. त्याआधीची काही वर्षं त्यांचे कार्यकर्ते नगरपरिषदेच्या निवडणुका एकेक वॉर्ड करत जिंकत होते. देशात पक्षाचे खासदार अवघे सहा, पण ऑर्पिंग्टनच्या गल्लीत त्यांचा नगरसेवक होता. लिबरल पक्षाला मत म्हणजे वाया गेलेलं मत, हा ब्रिटनमधला जुना आक्षेप. इथल्या मतदाराने मात्र तो पक्ष जिंकताना डोळ्यांनी पाहिला होता.

या मोहिमेचा निवडणूक प्रतिनिधी कोण होता, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावतील. त्याचं नाव प्रताप चिटणीस. भारतीय वंशाचा, पंचविशीतला तरुण. ब्रिटनमध्ये निवडणूक प्रतिनिधी हे शोभेचं पद नसतं. खर्चाची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर आणि यंत्रणाही त्याच्या हातात. ती यंत्रणा अशी चालते : कार्यकर्ते मतदारयादी घेऊन दारोदार जातात आणि प्रत्येक नावापुढे खूण करतात, आपला, त्यांचा की कुंपणावरचा. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर बसलेला कार्यकर्ता येणाऱ्यांचे यादीतले क्रमांक टिपून घेतो. ते क्रमांक कार्यालयात यादीवर कापले जातात. संध्याकाळी जी नावं 'आपली' असून कापली गेलेली नाहीत, त्यांची दारं ठोठावायची. चाकरमान्यांच्या उपनगरात ही संध्याकाळ फार मोलाची, कारण निम्मा मतदार लंडनच्या गाडीतून उतरतच असतो. देशभरातून लिबरल स्वयंसेवक ऑर्पिंग्टनला लोटले होते. त्यांना कामाला जुंपणं हे चिटणीसांचं काम. पुढे ते पक्षसंघटनेचे प्रमुख झाले आणि १९७७ मध्ये लॉर्ड चिटणीस म्हणून वरिष्ठ सभागृहात गेले.

मतदानाच्या आदल्या दिवशी, १३ मार्चला, ब्लॅकपूल नॉर्थमध्येही पोटनिवडणूक होती. तिथे लिबरल उमेदवार अवघ्या ९७३ मतांनी हरला. दुसऱ्या दिवशी ऑर्पिंग्टनच्या मतदानावर त्या निकालाची छाया होती. आणि मग निकाल आला. लबक २२,८४६. गोल्डमन १४,९९१. मजूर पक्षाचे उमेदवार ५,३५०. चौदा हजार सातशेंचं मताधिक्य गेलं आणि वर ७,८५५ चं उलट मताधिक्य आलं. मजूर पक्षाची अनामत रक्कम जप्त झाली, कारण तेव्हा ती वाचवायला एक अष्टमांश मतं लागत आणि त्यांना १२.४ टक्केच मिळाली होती.

आता जरा कागद-पेन्सिल घेऊन बसू. १९५९ च्या तुलनेत लिबरल पक्षाची मतं १३,७५४ ने वाढली. हुजूर पक्षाची ९,३१२ ने घटली, मजूर पक्षाची ४,१९३ ने. एकूण मतदान जवळपास तेवढंच राहिलं, फक्त २४९ ने वाढलं. ही निव्वळ बेरीज-वजाबाकी आहे. कोणता माणूस कुठून कुठे गेला ते यातून कळत नाही, पण दिशा स्पष्ट दिसते. मजूर पक्षाच्या काही मतदारांनी ओळखलं की आपला उमेदवार येत नाही, तेव्हा जो येऊ शकतो त्याला मत द्यावं. हे झालं विरोधकांचं एकवटणं. पण नुसत्या त्याने जागा पडली नसती, हे आपण मघाशीच पाहिलं. जागा पडली ती हुजूर पक्षाच्या स्वतःच्या मतदारांनी घर सोडल्यामुळे. आणि त्यांना घर सोडता आलं, कारण जायला तिसरं दार उघडं होतं. हा पेट्स वूडचा घरमालक कितीही चिडला तरी मजूर पक्षाला मत देणार नव्हता. लिबरल नसता तर तो कुरकुरत हुजूर पक्षालाच मत देऊन आला असता किंवा घरी बसला असता.

पंतप्रधान मॅकमिलन हादरले. 'ऑर्पिंग्टन मॅन' ही संज्ञा वृत्तपत्रांतून रूढ झाली. उपनगरातला, सुशिक्षित, स्वतःच्या घरात राहणारा आणि सरकारवर रागावलेला मध्यमवर्गीय म्हणजे हा ऑर्पिंग्टन मॅन. जुलैत मॅकमिलननी मंत्रिमंडळातले सात सदस्य एका फटक्यात घरी पाठवले, त्यात अर्थमंत्री लॉइडही होते. घरमालकांवरचा तो काल्पनिक भाड्याचा कर १९६३ मध्ये गेला. त्याचं सगळं श्रेय ऑर्पिंग्टनला देणं अतिशयोक्त होईल, पण चाकरमान्याचा आवाज व्हाइटहॉलपर्यंत पोचला होता.

लिबरल पक्षाला वाटलं, पहाट झाली. ती झाली नाही. १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाला तीस लाखांहून अधिक मतं मिळाली, जागा मात्र नऊ. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, या पद्धतीत मतं देशभर पातळ पसरली की ती पाण्यातच जातात. एका मतदारसंघात साचली तरच जागा मिळते, आणि ती साचवण्याची युक्ती ऑर्पिंग्टनने दाखवली होती. लबक स्वतः १९६४ मध्ये सुमारे तीन हजारांनी आणि १९६६ मध्ये सुमारे दीड हजारांनी टिकले. पोटनिवडणुकीत सरकार बदलत नाही, म्हणून तिथे राग काढणं स्वस्त पडतं. सार्वत्रिक निवडणुकीत मात्र कोणाचं सरकार हवं, हा प्रश्न समोर असतो आणि उसनी आलेली मतं एकेक करून परत जाऊ लागतात. १९७० मध्ये हुजूर पक्षाचे आयव्हर स्टॅनब्रुक दीड हजारांहूनही कमी फरकाने जिंकले आणि लबक यांची आठ वर्षं संपली.

त्या आठ वर्षांतली एक गोष्ट सांगायलाच हवी. घरमालकांच्या मतांवर निवडून आलेल्या या खासदाराने १९६८ मध्ये खासगी विधेयक मांडून कॅरॅव्हॅन साइट्स ॲक्ट मंजूर करून घेतला. भटक्या जिप्सी कुटुंबांना मुक्कामाची जागा देणं त्या कायद्याने स्थानिक संस्थांवर बंधनकारक झालं. त्यांच्याच मतदारसंघात, क्रे खोऱ्यात, या लोकांचे तळ होते आणि शेजाऱ्यांची नाराजीही होती. मताधिक्य रोडावलेला खासदार असं विधेयक हाती घेतो, तेव्हा त्याला मतांचा हिशेब कळत नव्हता असं म्हणता येत नाही. पुढे लॉर्ड ॲव्हबरी म्हणून २०१६ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते मानवी हक्कांसाठी झटत राहिले.

पुढचा इतिहास झरझर पाहू. स्टॅनब्रुक १९९२ पर्यंत. त्यानंतर जॉन होरम, जे आधी मजूर पक्षाचे, मग सोशल डेमोक्रॅट आणि शेवटी हुजूर पक्षाचे खासदार. २००१ मध्ये लिबरल पक्षाचे वारसदार असलेल्या लिबरल डेमोक्रॅटनी त्यांचं मताधिक्य २६९ वर आणून ठेवलं. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही ते तिसरं दार पुरतं बंद झालेलं नव्हतं. २०१० मध्ये जो जॉन्सन १७,२०० मतांनी आले, त्याच वर्षी लिबरल डेमोक्रॅट हुजूर पक्षाबरोबर सरकारात बसले आणि २०१५ मध्ये इथे त्यांचं पानिपत झालं. रागावलेला मतदार या वेळी युकिपकडे वळला आणि तो पक्ष दुसरा आला. ब्रेक्झिटवरून जो जॉन्सन यांनी पंतप्रधान असलेल्या भावाच्याच सरकारमधून राजीनामा दिला आणि २०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी गॅरेथ बेकन आले.

आणि २०२४? हुजूर पक्षाची देशभर दाणादाण उडाली, पण बेकन सुमारे पाच हजारांच्या फरकाने टिकले. त्यांना चाळीस टक्के मतंही मिळाली नव्हती. विरोधातली मतं मजूर, रिफॉर्म आणि लिबरल डेमोक्रॅट अशी विखुरली होती.

हे दोन निकाल शेजारी ठेवा. ५६.६ टक्के मतं असलेली जागा अडीच वर्षांत पडली आणि चाळीस टक्क्यांच्या आतली जागा पराभवाच्या वादळात उभी राहिली. मताधिक्याचा आकडा पाहून बालेकिल्ला ठरवणाऱ्याला याचं उत्तर देता येणार नाही. मतदाराला सत्ताधाऱ्याचा राग येणं ही नित्याची बाब आहे. तो राग कुठे न्यायचा, हे मतदारांना एकमताने ठरवता येतं की नाही, यावर जागा पडते किंवा टिकते. आणि ते ठरवायला मदत करणारा पर्याय निवडणूक जाहीर झाल्यावर जन्माला येत नाही. तो घरपट्टीच्या, गटाराच्या, रेल्वेच्या तक्रारी ऐकत आधी काही वर्षं त्या गल्लीत हिंडलेला असावा लागतो. मतविभागणीची तक्रार करणाऱ्या प्रत्येक पक्षाला म्हणून एवढंच विचारावं : गेल्या पाच वर्षांत तुमचा माणूस आमच्या दारात किती वेळा आला होता?