प्रवासी मोटारसायकल आणि अश्वशक्ति



पावसाळा सुरू झाला कीं रविवारीं सकाळीं मुरबाडवरून माळशेज घाटाकडे मोटारसायकलींची रीघ लागते. चहाच्या टपरीवर स्वारांचें बोलणें ऐकावें, तर विषय एकच : पुढची गाडी किती अश्वशक्तीची घ्यावी ? २०१६ सालीं निघालेल्या ‘हिमालयन’चें इंजिन सुमारें २४ अश्वशक्तीचें होतें, २०२३ सालीं तिच्या नव्या अवतारांत तें सुमारें ४० चें झालें.

शक्ति नकोच, असें मी म्हणत नाहीं. मागें सोबती व सामान घेऊन घाट चढतांना, किंवा शहापूरनजीक नाशिकच्या महामार्गावर मालमोटार ओलांडतांना, हातीं थोडी शिल्लक हवीच. परंतु हवेचा विरोध भेदण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ८० किलोमीटरवरून १२० वर जावयाचें, तर ती सव्वातीनपटीहून अधिक लागते. आणि २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणें चौपदरी महामार्गावरही दुचाकीची कमाल मर्यादा आहे ८० ! मग हे जादा घोडे बांधावयाचे कोठें ?

शहापुराहून किन्हवलीवरून सरळगांवाकडे एकदां जाऊन पाहावें. वळण संपतें न संपतें तोंच म्हशींचा कळप. त्यापुढें शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरनें सांडलेला चिखल. तेथें कामीं येतात ते ब्रेक, टायरची पकड आणि मंद गतींतही न गुदमरतां ओढणारें इंजिन.

सल्ल्यासाठीं आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास मीं हेंच सांगितलें. त्यानें यंदा गाडी न बदलतां दोन्ही टायर बदलले. उरलेल्या पैशांवरून त्याच्या घरीं वाद मात्र अद्याप चालू आहे.